घरच्या वायफायला कुठलं सिक्युरिटी सेटिंग ठेवायचं

आधी उत्तर सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून राउटर उघडला तरी चालेल. सिक्युरिटी मोड डब्ल्यूपीए२-पीएसके आणि एन्क्रिप्शन (म्हणजे हवेतून जाणारी माहिती कुलूपबंद करायची पद्धत) एईएस, किंवा राउटर नवा असेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स. पासवर्ड लांबलचक, निदान वीसेक अक्षरांचा, आणि मोबाइल नंबर तर मुळीच नको. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. राउटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदललेला. झालं. बाकी जे काही लोक करत बसतात, नाव लपव, मॅक फिल्टर लाव वगैरे, त्यातलं बरंचसं दिखाऊ आहे, त्यावर खाली येतोच.

आपल्याकडे एन्क्रिप्शन चुकीचं असण्यापेक्षा पासवर्ड फालतू असणं हा जास्त मोठा घोळ आहे. फायबर लावायला जो मुलगा येतो त्याला त्या दिवशी अजून चार घरं उरकायची असतात, तो स्टुलावर उभा राहून खिळा ठोकता ठोकता विचारतो "पासवर्ड काय ठेवू काका, मोबाइल नंबरच टाकू का, लक्षात राहील", आणि काका हो म्हणतात. मग तोच पासवर्ड पाच वर्षं चालतो, सगळ्या बिल्डिंगला माहीत असतो, कारण नंबर सोसायटीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेच की. हे किती कच्चं आहे त्याचं गणित पुढे करून दाखवतो, पण आधी राउटरच्या आत कसं जायचं ते बघू.

आत शिरायचं कसं

राउटर किंवा फायबरचा डबा उलटा करा, खाली स्टिकर असतो. त्यावर वायफायचं मूळ नाव, मूळ पासवर्ड, लॉगिनचा पत्ता आणि बहुतेक वेळा लॉगिनचं युजरनेम-पासवर्डही छापलेलं असतं. त्या स्टिकरचा मोबाइलने फोटो काढून ठेवा, दर वेळी डबा भिंतीवरून काढायला नको. पत्ता साधारण १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. ब्राउझरमध्ये टाकताना आकडे इंग्रजीत टाका आणि सर्चच्या चौकटीत नाही, वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका. पत्ता सापडलाच नाही तर फोनमध्ये वायफायच्या नावावर टॅप करून डिटेल्स बघा, तिथे गेटवे किंवा राउटर असं लिहून जो पत्ता दिलेला असतो तोच हा. ब्राउझर कधी कधी "हे कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून लाल पाटी दाखवतो. तुम्ही स्वतःच्या घरच्या नेटवर्कवरून स्वतःच्याच डब्याशी बोलताय तेव्हा घाबरायचं कारण नाही, पुढे जा.

काही कंपन्यांनी दिलेल्या डब्यात युजर लॉगिनला निम्मे मेनू दिसतच नाहीत, फक्त नाव आणि पासवर्ड बदलता येतो. तसं असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघा, तिथेही नसेल तर कस्टमर केअरला फोन करून "सिक्युरिटी मोड डब्ल्यूपीए२ एईएस करा आणि डब्ल्यूपीएस बंद करा" एवढं एक वाक्य सांगा. पहिल्या फोनला समोरच्याला कळेलच असं नाही, चिकाटी लागते. फार वैताग आला तर हजार-दीड हजाराचा स्वतःचा राउटर आणून त्या डब्याच्या मागे केबलने जोडायचा आणि डब्याचं वायफाय बंद करून टाकायचं, हा सरळ उपाय आहे.

आत गेलात की वायरलेस, वायफाय किंवा डब्ल्यूलॅन असा मेनू शोधा. इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात ती म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडची सेटिंग वेगवेगळी असतात. पाचवाल्यावर सगळं चकाचक करायचं आणि २.४ वर जुनाच पासवर्ड, जुनाच मोड तसाच, असं कितीतरी घरांत बघायला मिळतं. दोन्हीकडे जाऊन बदला. फायबरच्या डब्यांत तर एसएसआयडी (म्हणजे वायफायचं नाव) १, २, ३, ४ अशी चार-चार नावं ठेवायची सोय असते, त्यातलं दुसरं-तिसरं कोणी चालू करून ठेवलंय का तेही बघा, तुम्ही वापरत नसाल तर बंद.

त्या ड्रॉपडाउनमधले पर्याय

सिक्युरिटी मोडच्या यादीत पहिलाच असतो ओपन किंवा नन. म्हणजे पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, हवेतून जाणारं सगळं उघडं. "आमच्याकडे काय चोरणार, फार तर नेट वापरतील, वापरू दे बिचाऱ्यांना" असं म्हणणारे सज्जन लोक असतात, त्यांच्यासाठी २००८ ची गोष्ट. जुलै २००८ मध्ये अहमदाबादचे बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनलांना धमकीची ईमेल गेली. पोलिसांनी आयपी पत्ता (ईमेल कुठल्या इंटरनेट कनेक्शनवरून आली ते सांगणारा आकडा) शोधला तर तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरचा. त्याचं वायफाय उघडं होतं, ते वापरून दुसऱ्याच कोणीतरी ईमेल पाठवली होती, पण चौकशीचा ससेमिरा त्या माणसामागे लागला, घरचे कॉम्प्युटर तपासायला गेले. त्याच वर्षी पुढच्या ईमेलींसाठी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. त्यानंतर २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत फिरायची मोहीमच काढली होती. कनेक्शन तुमच्या नावावर, केवायसी तुमचं, म्हणजे पोलीस आधी तुमच्याच दारात येणार, मग नेट कोणीही वापरलेलं असो.

दुसरा पर्याय डब्ल्यूईपी, ज्याला सगळे वेप म्हणतात. हा १९९७ च्या मूळ वायफाय स्टँडर्डबरोबर आला. हवेतून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटाबरोबर एक २४ बिटांचा आकडा बदलत जायचा अशी त्याची रचना होती, पण २४ बिट म्हणजे जेमतेम एक कोटी सदुसष्ट लाख आकडे, गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात आणि परत तेच तेच यायला लागतात. २००१ मध्येच त्याच्यावरचा पहिला मोठा हल्ला छापून आला आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एका मिनिटाच्या आत १०४ बिटांची वेपची किल्ली काढून दाखवली. म्हणजे वेप लावणं आणि न लावणं यात आता काही फरक उरलेला नाही. राउटरला वेपशिवाय दुसरं काही येतच नसेल तर तो राउटर भंगारवाल्याला द्या.

तिसरा नुसता डब्ल्यूपीए, सोबत टीकेआयपी हे एन्क्रिप्शन. वेप फुटल्यावर २००३ मध्ये घाईघाईने काढलेला हा तात्पुरता जुगाड होता, जुन्याच हार्डवेअरवर चालावा म्हणून आतलं इंजिन तेच जुनं आरसी४ ठेवलं होतं. तो काळ गेला. तरीही अजून राउटरांत "टीकेआयपी + एईएस" किंवा "डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स" असे पर्याय येतात आणि कित्येकदा डब्याबरोबर तेच आधीपासून लावलेले असतात. ते बदला, नुसतं एईएस ठेवा. काही मेनूत एईएसच्या जागी सीसीएमपी लिहिलेलं असतं, तेच ते. याचा दुसरा एक फायदा आहे जो सिक्युरिटीशी संबंधितच नाही, टीकेआयपीवर जोडलेल्या डिव्हाइसला नव्या वायफायचा स्पीड मिळत नाही, स्टँडर्डमध्येच तसा नियम आहे, ते ५४ एमबीपीएसवर अडकतं. तेव्हा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, राउटर शेजारी आहे आणि तरी लॅपटॉपला वीस-पंचवीसच मिळतायत अशी तक्रार असेल तर आधी हे सेटिंग बघा.

तुमचं सध्याचं काय आहे ते राउटर न उघडताही कळतं. आयफोन असेल तर वायफायच्या नावाखाली "वीक सिक्युरिटी" अशी बारीक अक्षरं येतात, विंडोजवाल्यांना नेटवर्क सुरक्षित नसल्याची सूचना दिसते. ती दिसली की समजायचं, टीकेआयपी किंवा वेप कुठेतरी चालू आहे.

चौथा आणि आजही घरोघरी चालणारा, डब्ल्यूपीए२. हा २००४ चा, आणि २००६ पासून वायफायचा शिक्का हवा असेल तर तो असणं सक्तीचं झालं, त्यामुळे गेल्या पंधरा-वीस वर्षांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याच्यावर चालते. पर्सनल, पीएसके ही त्याची घरगुती नावं, दोन्ही एकच. एंटरप्राइज हा प्रकार ऑफिस-कॉलेजांसाठी, तिथे प्रत्येकाला वेगळं युजरनेम-पासवर्ड असतं आणि मागे ते तपासणारा एक रेडियस सर्व्हर लागतो. घरी तो चुकून निवडलात तर सर्व्हरचा पत्ता मागत बसेल, मागे या.

डब्ल्यूपीए२ तुटलं असं २०१७ मध्ये खूप गाजलं होतं, क्रॅक नावाचा हल्ला बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ या संशोधकाने दाखवला तेव्हा. ते खरं होतं, पण दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेटने झाली आणि त्यात तुमचा पासवर्ड बाहेर पडत नव्हता. म्हणजे अपडेट घेतलेल्या फोनवर आणि राउटरवर डब्ल्यूपीए२ एईएस अजूनही चांगलं आहे, मात्र एका अटीवर, पासवर्ड दमदार पाहिजे. का, ते आता बघू.

पासवर्डचं गणित

तुमचा फोन घरी आल्यावर वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर आणि फोन यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते, त्याला हँडशेक म्हणतात. पासवर्ड स्वतः हवेतून जात नाही, पण पासवर्ड बरोबर होता की नाही हे पडताळता येईल इतका मजकूर त्यात असतो. खाली पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस तो हँडशेक रेकॉर्ड करून घेऊ शकतो. वाट बघायचा कंटाळा आला तर खोटा निरोप पाठवून तुमचा फोन क्षणभर नेटवरून उडवतो, फोन परत जोडला जातो, हँडशेक मिळाला. काही राउटरांवर तर कोणी जोडलेलं असण्याचीही गरज नसते, २०१८ मध्ये पीएमकेआयडीची युक्ती सापडल्यापासून राउटरकडूनच हवा तो तुकडा मिळवता येतो. मग तो माणूस घरी जातो आणि आपल्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड लावून बघतो. तुमच्या राउटरला याचा पत्ताही नसतो, "पाच वेळा चुकला तर लॉक" हा प्रकार इथे लागूच होत नाही.

डब्ल्यूपीए२ मध्ये प्रत्येक पासवर्ड तपासायला कॉम्प्युटरला ४०९६ वेळा घोळून घ्यावं लागतं, मुद्दाम तसं केलंय, वेळ लागावा म्हणून. तरी आजचं तगडं गेमिंग ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख पासवर्ड तपासतं. आता मोबाइल नंबर घ्या. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, पुढे नऊ आकडे, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला केवढा आकडा, पण सेकंदाला २५ लाख धरले तर १६०० सेकंद, म्हणजे सत्तावीस मिनिटं, त्यात भारतातला झाडून प्रत्येक नंबर तपासून होतो. चहा-पोहे होईपर्यंत. जन्मतारीख आठ आकड्यांत ठेवली असेल तर शंभर वर्षांच्या तारखा साडेछत्तीस हजारच, ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत. आडनाव आणि पुढे १२३ किंवा अ‍ॅट द रेट २०२४ असले प्रकार तर आयत्या याद्यांमध्येच असतात, गणपती, साई, शिवाजी, आई सगळं त्यात आहे. आठ छोटी इंग्रजी अक्षरं अगदी वेडीवाकडी निवडली तरी सुमारे एक दिवस.

मग ठेवायचा काय? मी सांगतो ती पद्धत साधी आहे, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले पाच शब्द. मराठीच घ्या, इंग्रजी अक्षरांत लिहायचे, कारण पासवर्डमध्ये देवनागरी चालत नाही, ८ ते ६३ साधी इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं एवढंच चालतं. पातेलं, रिक्षा, सुतळी, भोपळा, नांगर असं काहीतरी, मध्ये डॅश टाकून. (हाच ठेवू नका, आता तो सगळ्यांनी वाचलाय.) शब्द मनाने सुचवू नका, मनाने सुचवले की घरच्यांची नावं आणि आवडत्या देवळांची गावंच येतात, एखादा शब्दकोश किंवा पेपर घेऊन डोळे मिटून बोट ठेवा. दोन हजार शब्दांच्या यादीतून जरी असे पाच खरोखर नशिबावर सोडून निवडले तरी वरच्याच कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला चारशे वर्षं लागतात. चार शब्दांना मात्र अडीच महिनेच, म्हणून पाच. आजीला फोनवर सांगायलाही हे सोपं जातं, "कॅपिटल एक्स, मग डॉलर, मग स्मॉल क्यू" असं ओरडत बसावं लागत नाही.

पासवर्ड बदलताय तर वायफायचं नावही बदला. हे नाव पासवर्डच्या हिशेबात मिसळलेलं असतं, त्यामुळे कंपनीचं मूळ नाव किंवा "होम" सारखं सार्वत्रिक नाव असेल तर त्यासाठी आधीच तयार करून ठेवलेले पासवर्डांचे तक्ते वापरता येतात. काहीतरी वेगळं ठेवा, फक्त त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर टाकू नका, रस्त्यावरच्या माणसाला कुठलं घर कुठलं हे सांगायची काही गरज नाही.

डब्ल्यूपीए३ घ्यावं का

घ्यावं, पण डोकं शाबूत ठेवून. हे २०१८ मध्ये आलं आणि जुलै २०२० पासून नव्या प्रमाणित डिव्हाइसला सक्तीचं झालं. मेनूत एसएई असं लिहिलेलं दिसेल. मोठा फायदा असा की हँडशेकच वेगळ्या पद्धतीचा आहे, रेकॉर्ड करून घरी नेऊन पासवर्ड लावत बसता येत नाही, प्रत्येक अंदाजाला राउटरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं, म्हणजे वरचं सगळं गणितच कोसळतं. शिवाय उद्या पासवर्ड कोणाला कळला तरी काल रेकॉर्ड केलेला ट्रॅफिक त्याला उलगडता येत नाही. २०१९ मध्ये यातही खोट निघाली, ड्रॅगनब्लड नावाने, मग अपडेट आले. तरी डब्ल्यूपीए२ पेक्षा ते सरसच आहे.

अडचण जुन्या वस्तूंची. अँड्रॉइड १० पासून पुढे आणि आयफोन ७ पासून पुढे (आयओएस १३ असेल तर) डब्ल्यूपीए३ समजतं, पण पाच-सात वर्षांपूर्वीचा प्रिंटर, स्वस्तातला स्मार्ट बल्ब, दारावरचा कॅमेरा, हॉलमधला जुना टीव्ही यांना ते कळत नाही, ते गुपचूप जोडले जायचे बंद होतात आणि घरात आधी सीरियल बंद पडल्याचा आरडाओरडा होतो. म्हणून मिक्स मोड असतो, नव्याला तीन, जुन्याला दोन. मिक्समध्ये एक गोम आहे, पासवर्ड एकच असल्यामुळे हल्लेखोर डब्ल्यूपीए२ च्या बाजूने येऊन तोच पासवर्ड फोडू शकतो, म्हणून मिक्स ठेवलंत तरी पाच शब्दांचा नियम सुटत नाही. घरात सगळं नवं असेल तरच नुसतं डब्ल्यूपीए३. किंवा राउटर वेगळी नावं देऊ देत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर नुसतं तीन ठेवून फोन-लॅपटॉप तिथे, आणि २.४ वर डब्ल्यूपीए२ ठेवून बल्ब-प्रिंटर तिकडे, पासवर्ड दोन्हीकडे वेगवेगळे. मला स्वतःला हीच वाटणी सगळ्यात पटते.

तिथेच जवळपास पीएमएफ किंवा प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स असा पर्याय असेल. मघाशी म्हटलं ना, खोटा निरोप पाठवून फोन उडवतात, ते अडवण्यासाठी हे आहे. डब्ल्यूपीए३ मध्ये सक्तीचंच असतं. डब्ल्यूपीए२ किंवा मिक्सवर "कॅपेबल" किंवा "ऑप्शनल" निवडा, "रिक्वायर्ड" केलंत तर जुनी डिव्हाइस बाहेर राहतील.

डब्ल्यूपीएस

हे बंद करा. पर्याय आहे म्हणून ठेवू, प्रिंटरला सोपं जातं, असले विचार सोडा. डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड टाइप करायला नको म्हणून दिलेली सोय, बटण दाबा नाहीतर आठ आकडी पिन टाका. पिनचा शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि त्याहून भयानक म्हणजे राउटर पिन दोन अर्ध्यांत तपासतो, पहिले चार चुकले तर तिथेच सांगून टाकतो. त्यामुळे दहा कोटींच्या ऐवजी दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे फक्त ११ हजार प्रयत्न पुरतात. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक याने हे उघड केलं. काही तासांत पिन मिळतो आणि पिन मिळाला की राउटर स्वतःहून तुमचा पासवर्ड देऊन टाकतो, मग तो ६३ अक्षरांचा का असेना. पुढे २०१४ मध्ये काही चिप्सवर तर मिनिटभरात काम होतं असंही निघालं. बटणवाला प्रकार त्या मानाने बरा, पण बऱ्याच डब्यांत बटण चालू ठेवून फक्त पिन बंद करता येत नाही. सगळंच बंद करा आणि पान रिफ्रेश करून खरंच बंद झालंय का बघा.

दिखाऊ उपाय

नाव लपवणं, म्हणजे हिडन एसएसआयडी. नाव लपत नाही, कोणी जोडलं जाताना ते हवेत जातंच, फुकटातलं अ‍ॅपसुद्धा दाखवतं. उलट तुमचा फोन बाहेर फिरताना "ते लपलेलं नेटवर्क इथे आहे का" म्हणून हाका मारत सुटतो. करू नका.

मॅक फिल्टर म्हणजे ठरावीक डिव्हाइसच आत घ्यायची. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरात कोणीही कुठलंही नाव लिहून आत जातो ना, तसंच, मॅक पत्ता (प्रत्येक डिव्हाइसचा ओळख क्रमांक) हवेतून उघडा दिसतो आणि कॉपी करायला एक कमांड पुरते. शिवाय हल्ली अँड्रॉइड आणि आयफोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक पत्ता दाखवतात, त्यामुळे पाहुणे सोडा, आपलाच नवा फोन बाहेर अडकतो आणि रविवार त्यात जातो.

पाहुणे, भाडेकरू, कॅमेरे

गेस्ट नेटवर्क हा पर्याय लोक वापरत नाहीत, वापरायला हवा. दिवाळीत येणारे पाहुणे, मुलांचे मित्र, आणि मुख्य म्हणजे घरातल्या स्वस्तातल्या स्मार्ट वस्तू, सगळ्यांना गेस्टवर टाका. स्वस्त कॅमेऱ्याला अपडेट किती वर्षं येतील देव जाणे, तो ज्या नेटवर्कवर आहे त्याच नेटवर्कवर तुमचा बँकिंगचा लॅपटॉप नको. गेस्टलाही पासवर्ड लावा, तिथेही डब्ल्यूपीए२ एईएस, आणि "लोकल नेटवर्क वापरू द्या" अशी टिक असेल तर ती काढा. फक्त लक्षात ठेवा, गेस्टवरच्या फोनवरून मेन नेटवर्कवरच्या टीव्हीला कास्ट होणार नाही किंवा प्रिंट जाणार नाही, ते बिघडलेलं नाही, त्याचं कामच ते आहे.

क्यूआर कोडने वायफाय शेअर करणं सोपं आहे पण त्या कोडमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. क्लिनिक, क्लासेस, छोटं हॉटेल असेल तर भिंतीवर फक्त गेस्टचाच क्यूआर लावा, बिलिंगचा कॉम्प्युटर मेनवर. पेइंग गेस्ट खोली सोडून गेला, दुकानातला मुलगा नोकरी सोडून गेला, की पासवर्ड बदला. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही, घराची किल्लीही परत घेतोच ना आपण.

राउटरचा स्वतःचा पासवर्ड

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा. दुसरा बहुतेक घरांत अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच असतो. तुमच्या वायफायवर आलेला कोणीही, किंवा एखाद्या फोनमध्ये घुसलेलं घाणेरडं अ‍ॅप, तिथून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बदलून तुम्हाला बँकेच्या खोट्या साइटवर नेऊ शकतं. बदला आणि वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. बाहेरून, इंटरनेटवरून राउटर उघडू देणारं रिमोट मॅनेजमेंट किंवा "वॅन बाजूने अ‍ॅक्सेस" असं काही चालू असेल तर बंद.

फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचं बटण असेल तर दाबा, ऑटो अपडेट असेल तर चालू ठेवा. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस ५४ देशांतल्या निदान पाच लाख राउटरांमध्ये घुसलेला सापडला होता, त्यातले बरेच जुन्या फर्मवेअरचे, साधे घरगुती डबे होते. कंपनीने अपडेट देणं बंद केलंय असा राउटर कितीही नीट चालत असला तरी बदलायचा विचार करा.

आणखी एक गैरसमज, वायफायचं एन्क्रिप्शन फोनपासून राउटरपर्यंतच असतं, पुढे फायबरमध्ये त्याचा संबंध नाही, तिथे ब्राउझरमधलं एचटीटीपीएस (थेट साइटपर्यंतचं एन्क्रिप्शन) काम करतं. तसंच स्टेशनवरचं फुकट वायफाय, जे जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, ते जोडताना ओटीपी मागतं म्हणून लोकांना सुरक्षित वाटतं. ओटीपी फक्त तुम्ही कोण ते नोंदवण्यासाठी असतो, हवेतलं नेटवर्क ओपनच असतं. बँकेचं काम असेल तर स्टेशनवर मोबाइल डेटा चालू करा.

सेव्ह करण्याआधी

हे सगळं बदलायला सकाळी घ्या, घरात कोणाची ऑनलाइन मीटिंग नसताना, आणि जमलं तर लॅपटॉप केबलने जोडून, कारण सेव्ह दाबताच वायफाय तुटणार. नाव आणि पासवर्ड तेच ठेवून फक्त मोड बदललात तर बरीचशी डिव्हाइस आपोआप येतात, जे येत नाही त्याच्यावर "फॉरगेट नेटवर्क" करून परत जोडा. शेवटी राउटरमधली जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडा आणि एकेक ओळखा. अनोळखी नावं असतील तर घाबरू नका, चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने तुमचाच बल्ब किंवा एसी दिसत असतो, तो बंद करून बघा, यादीतून गेला तर तोच. नवीन पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, घरात ठेवलेल्या कागदाला पार्किंगमधल्या माणसापासून काही धोका नाही.

आणि काही बिनसलं तर मागचं ते सुईच्या टोकाने दाबायचं रीसेटचं भोक लगेच दाबू नका. स्वतःच्या राउटरवर ठीक आहे, पण कंपनीच्या फायबर डब्यावर दहा सेकंद दाबून धरलंत की वायफायबरोबर कंपनीने भरलेली कनेक्शनची सेटिंगही पुसली जाऊ शकतात, मग नेटच बंद, आणि तोच स्टुलावरचा मुलगा परत यायला दोन दिवस लावतो. आधी नुसता प्लग काढून अर्ध्या मिनिटाने लावून बघा.